२००३.९

मागच्या वर्षी मे महिन्यात सोप्यात बसून मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लॅपटॉपवर एक सूत्र दाखवलं. सूत्र त्यांच्याच विहिरीचं होतं. तात्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, शाळेत पोरांच्या पाटीवरची बेरीज तपासायचे तसं ओळीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबून विचारलं, "हे २००३.९ कोण?" काय नाही, कोण. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा. तेव्हा काय झालं होतं विहिरीला?" ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग बशीतला चहा संपवला, "लाईट जाईल आता, बंद कर ते," म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. लॅपटॉप बॅटरीवर चालतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आधी वहीचं सांगते. खटाव तालुक्यातली आमची ही विहीर आठ परस खोल. मोट कधीच गेली, पण थारोळ्याचा दगड अजून जागेवर आहे आणि तात्या त्यावर उभे राहून पाणी मोजतात. सुताची जाड दोरी, तिच्या टोकाला पितळेची जुनी लोटी आणि दर हातावर एक गाठ. हात म्हणजे त्यांचाच, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. लोटी पाण्याला टेकली की खालून एक दबका 'डुब्' येतो, तो ऐकायला मोटर सुरू व्हायच्या आधी जावं लागतं. दर महिन्याच्या एक तारखेला, १९८९ च्या जूनपासून. जिल्हा परिषदेच्या शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात चार रकाने: तारीख, पाऊस, पाणी किती हातांवर, आणि शेरा. पावसाचे आकडे पेपरात तालुक्याचे येतात ते रोज टिपून महिन्याची बेरीज मांडायची. शेऱ्यात काहीही असतं. 'गाळ काढला.' 'ज्वारी मोडली.' एका सप्टेंबरात नुसतं 'आई गेली', आणि त्याच ओळीत पाणी सहा हात. लहानपणी लोटीची दोरी धरायचा मान माझा आणि भावाचा आळीपाळीने असायचा. गाठी तळव्यातून सरकतानाची ती गुदगुली आजही आठवते.

पुण्यात माझं काम आकड्यांचंच आहे. कुठल्या दुकानात कुठला साबण किती खपेल, असलं काहीतरी. तिथे एका कामासाठी पायएसआर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शिकले आणि मनात आलं की वहीवर चालवून पाहावं. चारशेहून थोड्या जास्त ओळी टंकायला तीन रविवार गेले. शेऱ्याचा रकाना सोडून दिला, त्यात आकडे नव्हते.

हे सॉफ्टवेअर करतं काय, तर सूत्रं पैदा करतं. त्याला रकाने द्यायचे आणि कुठल्या क्रिया चालतील ते सांगायचं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, दोहोंतलं मोठं ते निवडणं. मग ते हजारो सूत्रं आंधळेपणाने जुळवतं, प्रत्येकाला आकड्यांशी ताडून बघतं, बऱ्यापैकी निघालेली ठेवतं, बाकीची फेकतं. ठेवलेल्या एखाद्या सूत्राची फांदी तोडून दुसऱ्याला चिकटवतं, कुठे अधिकचं वजा करतं आणि पुन्हा ताडून बघतं. आजी शाळूची काढणी झाली की खळ्यावर बसून कणसं निवडायची. टपोरी, एकसारखी भरलेली कणसं बियाण्याला बाजूला, उरलेली मळणीला. तेच हे, फक्त चाळीस मिनिटांत लाखो हंगाम. आणखी एक अट असते. सूत्र जितकं लांब तितका त्याला दंड. नाहीतर ते वहीतल्या शाईच्या डागालासुद्धा नियम म्हणून गाठीशी बांधेल. त्यामुळे शेवटी एक सूत्र येत नाही, यादी येते: वर सगळ्यात आखूड आणि अडाणी, खाली सगळ्यात लांब आणि अतिशहाणं. मधलं कुठलं उचलायचं ते आपण बघायचं.

मी उचललेलं सूत्र बोलून दाखवायचं तर असं: मागच्या महिन्यात पाणी जितक्या हातांवर होतं त्याच्या ०.८१ पट घ्या, त्यातून पावसाच्या वर्गमुळाची ०.३७ पट वजा करा, साडेपाच मिळवा. मला ते फार आवडलं. पावसाचं वर्गमूळ कुणी सांगितलं नव्हतं, पण बरोबर होतं. दोनशे मिलिमीटर पडला म्हणून शंभरच्या दुप्पट पाणी विहिरीत येत नाही, वरचं ओढ्याने निघून जातं. कोरडा महिना एकामागून एक घातला तर पाणी एकोणतीस हातांपर्यंत जाऊन थांबतं. विहीर बत्तीस हातांची. तळाला राहणारं तेवढं पाणी तात्या 'देवाचं' म्हणतात. यादीत याच्या दोन पायऱ्या खाली आणखी एक सूत्र होतं, थोडं लांब, पण चूक बरीच कमी करणारं. त्यात जादा शेपूट होतं: शून्य आणि 'वर्ष वजा २००३.९' यांतलं मोठं असेल ते घ्या, ०.०५ ने गुणा आणि मिळवा. म्हणजे त्या तारखेपर्यंत काही नाही, आणि तिथून पुढे दरवर्षी साधारण पाव हात पाणी खाली.

अकरावीला प्रयोगशाळेत साधा लंबक केला होता, तुम्हीही केला असेल. दोऱ्याला पितळी गोळा, वीस झोके, स्टॉपवॉच, आणि आलेखाच्या कागदावर लांबीसमोर आवर्तकालाचा वर्ग. रेघ सरळ यायला हवी, तिच्या चढावरून गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं. आमच्या बॅचमध्ये झोके मोजायचा कंटाळा असलेल्यांनी ९.८ वरून उलटा हिशेब करून काळ काढले, आणि पकडले जाऊ नये म्हणून दोनेक बिंदू मुद्दाम रेघेच्या जरा बाहेर ठेवले. मीही त्यांतलीच. सरांनी माझा आलेख उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "छान. लंबक न हलवता काढलाय." तेव्हा सूत्र आधी होतं, आकडे त्याच्या सोयीने मागून यायचे. तात्यांच्या वहीत नेमकं उलट: चौतीस वर्षं आकडे होते आणि त्यांना कुणी सूत्र विचारलंच नव्हतं.

असं विचारणारा सगळ्यात चिवट माणूस खगोलशास्त्रज्ञ केप्लर. टायको ब्राहेने वीस वर्षं आकाश मोजून ठेवलं होतं, दुर्बिणीशिवाय. केप्लरने त्यातल्या मंगळावर वर्षं घालवली. वर्तुळं जुळवून पाहिली, तर आठ मिनिटांच्या कोनाचा फरक राहिला. टायकोची नोंद इतकी चुकणार नाही म्हणून त्याने वर्तुळंच सोडली. ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर आणि त्याची प्रदक्षिणा यांचं नातं त्याला पहिल्यांदा ८ मार्च १६१८ ला सुचलं, पण गणितात घोळ झाला म्हणून त्याने ते टाकून दिलं. १५ मेला पुन्हा तेच सुचलं आणि या वेळी जमलं. मधले दोन महिने त्याने कसे काढले असतील याचा मी उगाच विचार करते.

साडेतीनशे वर्षांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पॅट लँगली आणि हर्बर्ट सायमन या मंडळींनी 'बेकन' नावाचा प्रोग्रॅम केला. त्याची अक्कल दोन वाक्यांत मावते. दोन रकाने एकत्र वाढत असतील तर भागाकार घे. एक वाढताना दुसरा कमी होत असेल तर गुणाकार घे. मी एका रात्री कागदावर करून पाहिलं, तुम्हीही करा. पृथ्वीचं अंतर एक आणि वर्ष एक. बुधाचं अंतर ०.३८७, वर्ष ०.२४१. गुरूचं अंतर ५.२०३, वर्ष ११.८६. अंतर वाढतं तसं वर्ष वाढतं, म्हणून अंतराला वर्षाने भागा: १.६१, १, ०.४४. हा रकाना उतरता निघाला आणि अंतर चढतं, म्हणून दोघांचा गुणाकार: ०.६२, १, २.२८. आता हा चढता आणि मघाचा उतरता, पुन्हा गुणाकार. बुध एक, पृथ्वी एक, गुरू एक. अंतराचा घन भागिले वर्षाचा वर्ग. पेन खाली ठेवलं तेव्हा अंगावर खरंच काटा आला होता, आणि लगेच जरा रागही. केप्लरचं आयुष्य आणि माझी तीन ओळींची आकडेमोड एका कागदावर कशी बसली? मग लक्षात आलं की बेकनपुढे दोनच रकाने होते, आणि नेमके तेच दोन. केप्लरपुढे ग्रहांचे कोन, वेग, कंपासपेटीतल्या साऱ्या आकृत्या आणि संगीतातले सूर असा सगळा पसारा पडला होता. त्यातून रकाने निवडणं हेच बहुधा त्याचं आयुष्य होतं.

२००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मायकेल श्मिट आणि हॉड लिप्सन यांनी हेच काम खऱ्या हलत्या वस्तूंवर केलं. एका लंबकाला दुसरा लंबक टांगला की तो जोडलंबक वेड लागल्यासारखा हलतो. त्याच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून संगणकाला दिल्या आणि सांगितलं, यात न बदलणारं काय आहे ते शोध. दीडेक दिवस चालून त्याने ऊर्जेचं सूत्र काढलं. भौतिकशास्त्राचा एक शब्द न शिकवता. वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. मला त्यातली अडचण जास्त आवडते. 'न बदलणारं शोध' एवढंच सांगितलं तर यंत्र निरर्थक गोष्टींचा ढीग आणून ओततं. साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग घेतला की उत्तर नेहमी एक, लंबक हलो न हलो. चूक काहीच नाही, उपयोगही काही नाही. आमच्या ऑफिसात अशा बैठका होतात. त्या दोघांना मग नवी अट घालावी लागली: नुसतं स्थिर असून भागणार नाही, एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलेल हेही त्या सूत्रातून निघालं पाहिजे.

आता तर या यंत्रांची परीक्षाही होते. एमआयटीतल्या दोघांनी २०२० मध्ये रिचर्ड फाइनमन यांच्या भौतिकशास्त्राच्या व्याख्यानांतली शंभर सूत्रं घेतली, त्यांचे नुसते आकडे यंत्राला दिले आणि शंभरच्या शंभर परत मिळवली. आधीच्या सॉफ्टवेअरला एकाहत्तर जमली होती. एकाहत्तर म्हणजे आमच्या वेळी फर्स्ट क्लास.

मला मात्र भीती वेगळीच होती. रोज बसने शिवाजीनगरवरून जाताना सिमला ऑफिसची ती दगडी इमारत लागते. हवामान खात्याचं काम सिमल्याहून १९२८ मध्ये तिथे आलं. त्याआधी खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर. मूळचे गणिती. मान्सूनचं सूत्र शोधायला त्यांनी जगभरचे हवेचे दाब, पाऊस, तापमान गोळा केलं आणि भारतीय कारकुनांकडून हाताने सहसंबंधाचे आकडे काढून घेतले. म्हणजे संगणकच, फक्त धोतर नेसलेला. त्यातून प्रशांत महासागरावरचा दाबाचा तो झोका सापडला, ज्याच्यावाचून आज अल् निनोबद्दल बोलता येत नाही. पण वॉकरना हवा होता तो भरवशाचा अंदाज काही हाती लागला नाही. पुढे १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं मॉडेल दिलं: हिमालयातला बर्फ, अल् निनो, कुठले कुठले दाब. आमच्या घरी ते सोळा घटक रेडिओवर ऐकून तात्या फळ्यावर लिहायचे आणि सातवीच्या पोरांकडून पाठ करून घ्यायचे. ते चौदा वर्षं चाललं. २००२ ला अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा, आणि जुलै जवळजवळ अर्ध्यावर आला. हंगामात एकोणीस टक्के तूट. त्या जुलैच्या ओळीत तात्यांचा शेरा आहे: '१६ पैकी ०.' पुढच्या वर्षी खात्याने घटक सोळाचे आठ-दहा केले.

सोळा रकाने मागच्या पंचवीस-तीस पावसाळ्यांना जुळले, म्हणून पुढच्या पावसाळ्याने त्यांचं ऐकावं असं कुठे असतं? आणि हजारो सूत्रं चाळली की त्यातलं एखादं जुळणारच. म्हणून मी २००३.९ वर लगेच विश्वास ठेवला नाही. २००३ साल तसंही आमच्याकडे टँकरचं. कदाचित दुष्काळाचा धक्काच यंत्राला तारीख म्हणून दिसला असेल. वेगवेगळ्या सुरुवाती देऊन दहा वेळा चालवलं. सातदा ते शेपूट आलं, तारीख २००३ आणि २००५ यांच्यामध्येच. तीनदा त्याने वर्षाचं साइन घेतलं आणि विहीर हार्मोनियमसारखी वरखाली केली. शेवटी मूळ वही काढली. २००३, नोव्हेंबर: पाऊस शून्य, पाणी बावीस. डिसेंबर: शून्य, चोवीस. दोन्ही ओळींत शेरा कोरा. वहीत कोरे शेरे खूप आहेत. पण हे कोरे बघताना मला ते कोरे ठेवलेले वाटले.

तात्या बाहेर गेले त्या दुपारी मी स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती कैऱ्या फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या काकांचा बोअर. तुळशीचं लग्न झालं आणि चार दिवसांत गाडी आली." मी तेव्हा पुण्यात वसतिगृहात होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. काका म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, त्यांचा बांध विहिरीपासून शंभर पावलांवर. आईने सगळं सांगितलं. तमिळ बोलणारी माणसं, रात्रभर ती घरघर, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर दगडाची पांढरी भुकटी, आणि तीन दिवस म्हशीने पान्हा चोरला. "ह्यांना म्हटलं, भावाशी बोला. म्हणाले, पाणी काय माझ्या बापाचं आहे?" मग तिने विळी पुसली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आणि आपला नाही का? बाराच्या दुष्काळात आपण पण घेतला की."

आपला बोअरही वहीत नव्हता.

मी परत सोप्यात येऊन २०१२ चं पान उघडलं. शेरा: 'कांदा गेला.' बस. सूत्रानेही २०१२ ला काही धरलं नव्हतं, तोवर घसरण आधीच्याच रेघेत मुरलेली होती. म्हणजे त्या शेपटाने काकांकडे बोट दाखवलं आणि आम्हाला सोडून दिलं. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जरा हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मग लाज वाटली. यंत्राला बोअर हा शब्द ठाऊक नव्हता. कुणीतरी खालून ओढतंय एवढं त्याला वर्षाच्या आकड्यावर उभं राहून कळलं. आम्हाला शब्द ठाऊक होता. वीस वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला त्या दगडावर उभं राहून, लोटी खोल खोल जाताना हातात मोजून, तात्यांनी तो लिहिला नव्हता. चुलतभावाशी कज्जा नको म्हणून, की नंतर स्वतःचाही लिहावा लागला असता म्हणून, हे मी विचारलं नाही. रात्री जेवताना फक्त एवढं म्हटलं, की आकडे आणखी असते तर सूत्र सुधारलं असतं. ते ठेच्याला तेल लावत म्हणाले, "कशाचे आकडे?" मी म्हटलं, "मोटारी किती तास चालतात त्याचे." त्यांनी भाकरी मोडली.

जुलैच्या एक तारखेला व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो आला. तात्या मला फोटो पाठवत नाहीत, गणपतीची आरती सोडून. शेऱ्याच्या आधी पट्टीने आखलेला नवा रकाना होता, मथळा 'लाईट'. थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री, त्याप्रमाणे मोटर किती चालली. बोअर हा शब्द त्यांनी याही वेळी टाळला. त्या रकान्याचे पुन्हा दोन भाग केलेले: 'आमची' आणि 'त्यांची'. आमचीखाली लिहिलं होतं १७६ तास. त्यांची कोरा. ऑगस्टमध्येही तसंच, आमचीखाली ९०, त्यांची कोरा. मी विचारायचं टाळलं.

सप्टेंबरच्या फोटोत दुसरा भाग भरलेला होता, मागच्या दोन महिन्यांसकट. निळ्या शाईऐवजी काळं बॉलपेन, आणि सात आकडा खालून वर काढलेला, तात्या तसा कधीच काढत नाहीत. काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. १२०, ६५, ७०. मी पानं मोठी करून बराच वेळ बघत बसले. आकडे जरा कमीच लिहिलेले वाटत होते.